विमान तेच, शाळा निराळी

राष्ट्रदिनाच्या संचलनाला लढाऊ विमाने गर्जना करीत डोक्यावरून गेली, की लहानथोर सारेच माना वर करतात. त्या विमानांची नावे आपल्या मुलांना तोंडपाठ असतात. परंतु आत बसलेला वैमानिक कोणत्या विमानावर उडायला शिकला, असे विचारले तर सहसा उत्तर मिळत नाही. पहिल्या आलेल्या मुलाच्या गळ्यात हार घालावा आणि त्याच्याकडून धुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या गुरुजींना मांडवाबाहेर उभे ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. आज आम्ही त्या गुरुजींविषयी लिहिणार आहोत.

सिंगापूरच्या हवाई दलाने १९८४ पासून जवळजवळ पाव शतक एस-२११ हे इटालियन जेट प्रशिक्षण विमान वापरले. सियाई-मार्केटी कंपनीचे हे विमान १९८१ साली प्रथम आकाशात गेले. एकच इंजिन, पुढेमागे दोन आसने, पुढे शिष्य आणि मागे गुरू. प्रशिक्षणाला निघताना वजन तीन टनांच्याही आत, पण वेग मात्र ताशी साडेसहाशे किलोमीटर. त्यापूर्वी आपले वैमानिक ब्रिटिश स्ट्राइकमास्टर व अमेरिकन बनावटीचे टी-३३ या विमानांवर शिकत. एस-२११ ला पहिले मोठे गिऱ्हाईक मिळाले ते सिंगापूरच, आणि घेतलेल्या तीसएक विमानांपैकी बहुतेकांची जुळणी येथल्याच कामगारांनी केली.

हेच विमान इतरांकडेही गेले, आणि तेथे त्याचे काय झाले हे पाहण्याजोगे आहे. हैतीने चार विमाने घेतली. १९८६ मध्ये तेथील दुव्हालिए राजवट कोसळली आणि थोड्याच वर्षांत ही विमानेही देशाबाहेर गेली. अमेरिकेत एका मोठ्या स्पर्धेत ते उतरवण्यात आले, पण १९९५ साली निवड दुसऱ्याच विमानाची झाली. फिलिपाइन्सने वीसहून अधिक विमाने घेतली. तेथे २००५ साली जुनी एफ-५ लढाऊ विमाने निवृत्त झाली आणि त्यांच्या जागी नवी घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा शिकवण्याच्या या विमानालाच शस्त्रे जोडून लढाऊ म्हणून उभे करण्यात आले. २०१५ साली दक्षिण कोरियाहून एफए-५० येईपर्यंत दहा वर्षे त्या देशाची जेट ताकद म्हणजे ही उरलीसुरली प्रशिक्षण विमाने होती. उरलीसुरली म्हणायचे कारण असे की बरीच अपघातांत गेली होती. फिलिपाइन्सला आम्ही नावे ठेवीत नाही. गरज माणसाकडून काय काय करवून घेते हे आपण जाणतो. पण गुरुजींच्या हाती तलवार दिली तर लढाई जिंकेल की नाही हे सांगता येत नाही, शाळा मात्र नक्की बंद पडते.

सिंगापूरची अडचण पैशाची नव्हती, आकाशाची होती. आपले बेट पूर्वपश्चिम पन्नासएक किलोमीटर. साडेसहाशेच्या वेगाने जाणारे विमान पाच मिनिटांच्या आत ते ओलांडते. नवशिक्याने चुकायचे, पुन्हा वळायचे, पुन्हा चुकायचे, ते कोठे? म्हणून १९९३ साली ऑस्ट्रेलियाशी करार झाला आणि ही शाळा पर्थच्या उत्तरेला पिअर्स येथील हवाई तळावर गेली. आज तेथे १३० स्क्वाड्रनचे विद्यार्थी पीसी-२१ या पंख्याच्या स्विस विमानावर शिकतात. त्यासाठी २००६ साली लॉकहीड मार्टिन या खाजगी कंपनीला कंत्राट देण्यात आले. पुढचे धडे फ्रान्समधील काझो येथे. तेथे सिंगापूरची तुकडी १९९८ पासून आहे आणि आता एम-३४६ या इटालियन जेटवर शिकते. २०१० साली अशी १२ विमाने मागवण्यात आली.

आपल्या मंडळींच्या बैठकीत यावर एक प्रश्न हमखास निघतो. शत्रू दारात नाही, मग कराचा पैसा परदेशात शाळा चालवण्यावर का घालायचा? प्रश्न चुकीचा नाही. राज्याचा पैसा कोठे जातो हे नागरिकाने विचारलेच पाहिजे. पण हा खर्च टाळला तर काय किंमत पडते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी आपल्या वाडवडिलांच्या देशाकडे नजर टाकावी.

भारतीय हवाई दलाला प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, अशी शिफारस १९८२ साली एका समितीने केली. ब्रिटिश हॉक विमानांचा करार झाला २००४ साली. मध्ये गेली बावीस वर्षे! आपले शेजारी मलेशिया आणि इंडोनेशिया यांच्याकडे हॉक केव्हाच उडत होते. तोवर भारतातील तरुण वैमानिक किरणसारख्या संथ विमानावरून एकदम मिग-२१ वर चढत राहिले. पोहणे शिकायला विहीर मिळाली आणि परीक्षा भर समुद्रात, अशातली गत. त्या काळात मिग-२१ चे अपघात एवढे झाले की वर्तमानपत्रांना त्याची सवय झाली. २००१ साली सुरतगडजवळ फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१ च्या अपघातात गेले. तो एक अपघात कशामुळे झाला, याच्या वादात आम्ही शिरत नाही. पण त्यांच्या आई कविता गाडगीळ गप्प बसल्या नाहीत. तरुण वैमानिकांना आपण कोणत्या विमानात बसवतो, हा प्रश्न त्यांनी भर चौकात आणला. प्रश्न एका मराठी आईचा होता, तसाच तो जगातल्या प्रत्येक वैमानिकाच्या आईचा आहे.

अखेर २००८ साली हॉक विमाने बिदरच्या तळावर दाखल झाली. ज्या बिदर जिल्ह्यात भालकी, औरादकडे आजही घराघरात मराठी बोलली जाते, तेथील आकाशात आता देशभरातील शिष्य लढाऊ विमानाची पूर्वतयारी करतात. एकूण ६६ विमानांचा तो पहिला करार होता, त्यातली ४२ भारतातच बांधायची ठरली. बावीस वर्षांत वाचलेला पैसा मोजणारे पुष्कळ भेटतील. गमावलेली मुले कोणत्या खात्यात मांडायची?

आता आपल्या एस-२११ ची पुढची कथा. नवी विमाने आल्यावर सिंगापूरची बरीचशी जुनी विमाने ऑस्ट्रेलियातील खाजगी मालकांकडे गेली. हौशी माणसाला जेटमध्ये बसण्याचा आनंद मिळतो, जुने यंत्र भंगारात जाण्याऐवजी उडत राहते. यात वाईट काही नाही. परंतु १९ नोव्हेंबर २०२३ रोजी मेलबर्नजवळ पोर्ट फिलिप उपसागरावर या जातीची दोन नागरी विमाने चित्रीकरणासाठी जवळजवळ उडत असता एकमेकांवर आदळली. एक समुद्रात पडले आणि त्यातील दोघे दगावले. दुसरे सुखरूप उतरले. दोष कोणाचा हे ठरवणे आमचे काम नव्हे. आम्हाला एवढेच दिसते की विमान निवृत्त होऊन खाजगी झाले म्हणून त्याचा वेग निवृत्त होत नाही. त्याला मागच्या आसनावरचा गुरू, ठरलेला पाठ आणि नेमाची तपासणी पूर्वीइतकीच लागते.

म्हणून आमचे म्हणणे दोन गोष्टींपुरते आहे. पहिली सरकारांसाठी. शिकवण्याच्या खर्चाला कात्री लावू नका, आणि जुने प्रशिक्षण विमान विकताना त्याची देखभालीची वही व शिकवण्याचा पाठ बरोबर द्या, घेणारा ते पाळील अशी अटही घाला. दुसरी आपल्या घरांसाठी. मुलगा किंवा मुलगी वैमानिक व्हायचे म्हणाली, तर एकदम नको म्हणू नका, आणि विमानाच्या नावावर भाळूनही जाऊ नका. शिकवणार कोण, किती तास आणि कोणत्या आकाशात, हे आधी विचारा. एकच विमान चार देशांत गेले आणि चौघांकडे त्याचे चार प्रकार झाले. फरक यंत्रात नव्हता, त्याच्याभोवतीच्या शाळेत होता.