चहातली साखर आणि उचल

मागच्या आठवड्यात आमच्या पॅन्ट्रीला चहा-साखर पुरवणाऱ्या व्हेंडरचा फॉर्म सहज नजरेस पडला. त्यात प्रश्न होता: तुमच्या पुरवठा साखळीत कुठेही सक्तीची मजुरी आहे का? पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. त्याने अर्थातच 'नाही'वर टिक केलं होतं. 'हो'वर कोण करणार? जी टेस्ट कधी फेलच होऊ शकत नाही, तिला आमच्या धंद्यात टेस्ट म्हणत नाहीत.

म्हणून या विकांताला साखरेबद्दल.

बीडकडचा कुणी मित्र असेल तर त्याला 'उचल' हा शब्द विचारा. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम ऊसतोड जोडप्याला एकरकमी पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडून ती उचल फेडायची. आजारी पडलात, कामावर गेला नाहीत, तर 'खाडा', आणि खाड्याचा दंड. हंगाम संपताना पैसे फिटले नाहीत तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे. कारखान्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं, आमचा व्यवहार वाहतूक कंत्राटदाराशी. उचल फिटली नाही म्हणून मजुराला डांबून ठेवल्याच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतातच.

हे मी जेवताना बोललो तर एक मित्र म्हणाला, "अरे पण ॲडव्हान्स त्यांनीच घेतला ना? कुणी बंदूक लावली होती का? आपणही बाँड सही करतोच की."

करतो ना. पण आपण बाँडचे पैसे भरून दुसरीकडे जातो. आणि नाही भरले तरी कुणी आपल्या बायकोला अडकवून ठेवत नाही. बंदुकीचं म्हणाल तर १९८२ सालीच, एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करवून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ चा भंग. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर असं कर्जच रद्द ठरवलंय. कायदा आहे, बीडच्या वाटेवर कुठेतरी हरवतो.

आणि ही साखर फक्त आपल्या चहात नाही. मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या याच उसाचा माग कोका-कोला आणि पेप्सीपर्यंत काढला होता.

मग काय, साखर सोडायची? माझ्या मते नाही. त्याने मजुराचं काम जाईल, कर्ज तसंच राहील.

उपाय कसा होऊ शकतो ते बघायला साखर सोडून जरा आपल्या डेस्कवर या. २०१४ मध्ये व्हेरिटे या संस्थेने मलेशियातल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांत ५०१ कामगारांशी बोलून अहवाल काढला. २८ टक्के लोक सक्तीच्या मजुरीत. नेपाळ, बांगलादेश, इंडोनेशियातून आलेली माणसं, नोकरीसाठी एजंटला दिलेल्या पैशांच्या कर्जात बुडालेली, पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात. म्हणजे आपली उचलच, फक्त उलटी. त्याच वर्षी एचपीने पुरवठादारांना बजावलं, एजंटची फी कामगाराकडून घ्यायची नाही, पासपोर्ट ठेवून घ्यायचा नाही. २०१५ मध्ये या उद्योगाच्या सामाईक आचारसंहितेतही फीवर बंदी आली. सगळं सुधारलं असं अजिबात नाही. पण निदान प्रश्न नेमका झाला: कर्ज कुणाच्या डोक्यावर?

साखरेत मात्र सरसकट बंदी चालणार नाही. उचल बंद केली तर पावसाळ्यात घर चालवायला तो माणूस सावकाराकडे जाईल. उचल राहू दे, तिची गाठ सोडवा. ती कारखान्याने द्यावी, लेखी, मजुराच्या स्वतःच्या नावावर. नवऱ्याची आणि बायकोची मजुरी दोघांच्या वेगवेगळ्या खात्यात. आणि हंगाम संपला की बाकी शून्य. साखर थोडी महाग होईल? होऊ दे.

आपल्या हातात काय? व्हेंडरच्या फॉर्ममधला तो हो-नाहीचा प्रश्न काढून तिथे हे तीन टाकायचे: साखर कुठल्या कारखान्याची? उचल कोण देतं? बाकी राहिली तर पुढे काय होतं? सेबीच्या बीआरएसआर अहवालात मोठ्या लिस्टेड कंपन्यांना पुरवठादारांकडच्या सक्तीच्या मजुरीबद्दल विचारलं जातं, पण ऐच्छिक भागात. तो भाग सक्तीचा व्हायला हवा. एवढी एक सक्ती मला चालेल.

एका ऑफिसच्या साखरेने कारखाना हलणार नाही, हे मलाही कळतं. तरी सोमवारी प्रोक्युअरमेंटला मेल टाकतोय. उत्तर काय येतं ते कळवीनच. तुमच्या ऑफिसात कुणी विचारलंय का कधी?