विश्लेषण : नाकातून काढलेली 'मेंदूतली गाठ'... ऑपरेशन खरंच छोटं असतं का?

'डोकं न उघडता नाकातून काढली गाठ!' अशा मथळ्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतात. त्यात खोटं काही नसतं. पण व्हिडिओ गाठ निघाली की संपतो आणि डॉक्टरांची खरी कसोटी तिथून पुढे लागते.

नाकातूनच का?

पिट्युटरी ही वाटाण्याएवढी ग्रंथी कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत असते. तिच्या लगत पुढे नाकामागचं सायनस. त्यामुळे वरून मेंदू बाजूला सारत येण्यापेक्षा नाकातून जाणं सोपं. ही वाटही नवी नाही. ऑस्ट्रियाचे सर्जन हर्मन श्लोफर यांनी १९०७ मध्येच तिचा वापर केला होता, मात्र त्यासाठी चेहऱ्यावर छेद घ्यावा लागला. पुढे मायक्रोस्कोप आला, मग दुर्बीण. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या जो आणि काराऊ या डॉक्टरांनी दुर्बिणीतून केलेल्या ५० रुग्णांच्या शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला.

मग अडचण कुठे?

छिद्र बुजवण्यात. मेंदूभोवती पाणी असतं, नाकात जंतू. मधला पडदा उघडा राहिला तर पाणी गळतं आणि मेंदूज्वराचा धोका निर्माण होतो. २००६ मध्ये अर्जेंटिनाच्या डॉक्टरांसह एका गटानं यावर तोडगा मांडला : नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वळवून छिद्रावर बसवायचं. थोडक्यात, जिवंत ठिगळ. त्यानंतर मोठ्या छिद्रांतली गळती पुष्कळ घटली. शून्य झाली नाही.

शिवाय ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या आणि वर दृष्टीच्या नसा. छेद दिसत नाही म्हणून जोखीम लहान होत नाही. गाठ बाजूला दूरवर पसरली असेल तर कवटी उघडणंच योग्य ठरू शकतं. म्हणून 'टाके किती?' यापेक्षा न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घसातज्ज्ञ मिळून अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे विचारलेलं बरं.

त्याआधी प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी झाली का, तेही पाहावं. हे संप्रेरक बनवणाऱ्या बहुतेक गाठी गोळ्यांनीच आकसतात.

आणि शस्त्रक्रिया झालीच, तर घरी आल्यावर डॉक्टर परवानगी देईपर्यंत नाक शिंकरू नये. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखे थेंब गळले किंवा घशात खारट चव आली, तर सर्दी समजून वाफ घेत बसू नये. त्याच दिवशी सर्जनना कळवावं.