झेनिट: चॅम्पियन, तरी युरोपाबाहेर

मँचेस्टर युनायटेडला हरवून सुपर कप जिंकणारा रशियन क्लब माहितीये? सेंट पीटर्सबर्गचा झेनिट. साल २००८. त्याआधी बायर्न म्युनिकचा ४-० असा धुव्वा उडवून, फायनलमध्ये रेंजर्सला नमवून यूएफा कपही घेतला होता! पैसा अर्थात २००५ पासून गॅझप्रॉमचा, म्हणजे सरकारच्या ताब्यातल्या गॅस कंपनीचा. २०१९ ते २०२४ सलग सहा वेळा लीगही जिंकली. पण युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन क्लबांवर बंदी आली. चॅम्पियन्स लीगची फायनलसुद्धा झेनिटच्या मैदानावरून पॅरिसला हलवली. खेळाडूंची काय चूक, असं तुम्ही म्हणाल. पटतं. पण सरकारी कंपनीच्याच पैशावर मोठा झालेला क्लब सरकारपासून वेगळा काढायचा तरी कसा? २०२३ मध्ये मालकम मात्र झेनिट सोडून सौदीच्या अल हिलालकडे गेला.