अंबूला परभणीला पाठवा

प्रति,
राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय,
पुणे.



परभणीत कुठल्याही घरी ललिता पवार हे नाव काढा. आधी मंथरा निघते. दूरदर्शनवरच्या 'रामायणा'तली ती मंथरा 2020च्या टाळेबंदीत नातवंडांनीही पाहिली. मंथरेनंतर खाष्ट सासू. सिनेमाची थोडी जास्त आवड असलेला माणूस 'श्री 420'मधली केळेवाली किंवा 'अनाडी'तली मिसेस डिसा सांगतो. याच बाईंनी कधीकाळी तोंडावर नकाब चढवून, तलवार घेऊन नायकाला सोडवलं होतं, असं म्हटलं की लोक हसतात. पुरावा मागतात. तो पुरावा तुमच्याकडे आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

1931 सालचा 'दिलेर जिगर' तुमच्या संग्रहात आहे. दिग्दर्शक गणपतराव पवार. रस्त्यावर कसरती करणारं एक जोडपं, हमीर आणि सारंगा. गादी बळकावून बसलेला राजा. सारंगावर पडलेली त्याची वाईट नजर. आणि मग मारामाऱ्या, पाठलाग, सुटका. सारंगाचं काम करणाऱ्या मुलीचं पडद्यावरचं नाव अंबू. 1916 साली येवल्यात जन्मलेली अंबा सगुण. वय पंधराच्या आसपास. पुढे तीच ललिता पवार झाली. 1932च्या 'कैलास' या मूकपटात ती नायिका होतीच, शिवाय निर्मितीतही तिचा वाटा होता. बोलपट आल्यावर ती स्वतः गायलीही.

मग 1942 साल आलं. 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांना तिच्या थोबाडीत मारायची होती. फटका जोरात बसला, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. दीर्घ उपचार झाले, पण डावा डोळा अधू राहिला. नायिकेची कामं संपली. ललिताबाई खचल्या नाहीत. 1944च्या 'रामशास्त्री'त त्यांनी आनंदीबाई उभी केली आणि पुढची पाच दशकं चरित्रभूमिका गाजवल्या. त्यांचं हे कर्तृत्व मोठंच आहे. मात्र ज्या बारीक केलेल्या डोळ्याला दुष्टपणाची खूण समजून आमच्या तीन पिढ्या घाबरल्या, तो एका अपघाताने अधू झालेला डोळा होता. त्याआधीची धिटाईची, घोड्यावरची, हसरी अंबू आम्ही पाहिलीच नाही. लोक तिला विसरले असं म्हणणंही चूक ठरेल. आमच्यापर्यंत ती कधी आलीच नाही.

ज्यांच्या बाबतीत काही करता येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही भांडत नाही. 1913च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला मोहिनी. बायकांनी पडद्यावर येणं पाप मानलं जायचं त्या काळात या मायलेकींनी ते केलं. तो चित्रपट आज उरलेला नाही. ही कमला, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, आज आपल्याला भेटतात त्या मुख्यतः रीना मोहन यांच्या 'कमलाबाई' या माहितीपटात, थकलेल्या पण तल्लख. भारतात जवळपास तेराशे मूकपट निघाले. नायट्रेटच्या त्या फिती पेट घेत, कुजत. काही तर त्यांतल्या चांदीसाठी वितळवल्या गेल्या. आज पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून जेमतेम तीसच्या आसपास उरले आहेत. त्या तिसांत अंबू आहे. एवढं नशीब किती नट-नट्यांच्या वाट्याला आलं?

हे नशीब आपोआप आलेलं नाही, याची जाणीव आम्हाला आहे. 1964 साली तुमची संस्था सुरू झाली आणि पी. के. नायर यांनी गोदामं, अडगळी, जुन्या निर्मात्यांची घरं पालथी घालून डबे गोळा केले. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चं आणि 'कालिया मर्दन'चं जे काही आज दिसतं, ते त्या धडपडीमुळे. त्याबद्दल आमचे हात जोडलेले आहेत. प्रश्न त्यापुढचा आहे. तापमान राखलेल्या खोलीत फीत टिकते. नटीची आठवण टिकायला प्रेक्षक लागतात.

आणि मूकपटाला आणखी एक गोष्ट लागते. संगीत. हे चित्रपट मुके असले तरी थिएटर कधीच मुकं नसायचं. पडद्यापुढे पेटी आणि तबला घेऊन वादक बसत. मारामारीला लय वाढवत, विरहाला सूर धरत. पडद्यावरच्या पाट्या वाचता न येणाऱ्यांसाठी कुणीतरी त्या मोठ्याने वाचून दाखवी. आज तोच चित्रपट संगणकाच्या छोट्या पडद्यावर आवाजाशिवाय बघायला दिला तर माणूस दहा मिनिटांत उठतो. त्यात वेग चुकला, मूळ सेकंदाला सोळा-अठरा फ्रेमची फीत चोवीसने पळवली, की माणसं दुडुदुडु धावताना दिसतात आणि शोकांतिकेचाही फार्स होतो. मीठ न घातलेली भाजी वाढायची आणि वर विचारायचं, आवडली का?

नीट वाढलं तर काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. हिमांशू राय आणि फ्रान्झ ऑस्टेन यांचा 'प्रपंच पाश' (1929) दुरुस्त झाला, त्याला नितीन साहनींनी संगीत दिलं, आणि 2007 साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात लोकांनी तो उघड्यावर बसून पाहिला. 'शिराज' (1928) ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दुरुस्त केला, अनुष्का शंकर यांनी 2017 साली त्याला संगीत दिलं आणि भारतातल्या मोठ्या शहरांत तो वादकांसह दाखवला गेला. त्यांतल्या नटी सीतादेवी यांचं नाव त्यानिमित्ताने नव्याने घेतलं जाऊ लागलं. या दोन्ही चित्रपटांत जर्मनीचा पैसा होता, त्यामुळे युरोपने त्यांची काळजी घेतली. 'दिलेर जिगर'ला तसा परदेशी पालक नाही. त्याचे पालक तुम्ही आणि आम्ही.

म्हणून मागणी सरळ आहे. 'दिलेर जिगर' परभणीत, बी. रघुनाथ सभागृहात, योग्य वेगाने, वादकांसह दाखवा. वादक मुंबईहून आणू नका. इथे संबळ आहे, हलगी आहे, गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी आणि पखवाज आहे. दर फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या उरुसाने जे शहर गजबजतं, तिथे कव्वालीचा ठेकाही परका नाही. सारंगा आणि हमीर कसरती दाखवतात तेव्हा डोंबाऱ्याचा ढोल ज्या कानांनी लहानपणी ऐकला आहे, त्यांना तिथे काय वाजवायचं हे शिकवावं लागणार नाही. पाट्या मराठीत आणि दखनी उर्दूत वाचून दाखवणारे दोन खणखणीत आवाज आम्ही उभे करू. तुम्ही फक्त डिजिटल प्रत तालमीसाठी आधी द्या, आणि प्रयोगाचं ध्वनिमुद्रण करून घ्या. मग गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सेलूच्या शाळांत तोच चित्रपट त्याच संगीतासह एका प्रोजेक्टरवर दाखवता येईल. परभणी ही सुरुवात. हिंगोली, नांदेड, बीडला आपापले वाद्यमेळ आहेतच.

कायद्याची अडचण असेल असं वाटत नाही. प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी चित्रपटाचा स्वामित्वहक्क संपतो. 1931च्या चित्रपटाचा तो केव्हाच संपला आहे. पैशाची अडचण असेल, तर राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान याच कामासाठी आहे. 597 कोटींच्या त्या योजनेत मराठवाड्यातल्या एका संध्याकाळचा खर्च मावू नये इतका तो मोठा नाही. प्रेक्षक येतील का, अशी शंका असेल, तर ती आमच्यावर सोडा. निजामाच्या राज्यात असल्यामुळे रेल्वे सोडली तर बऱ्याच गोष्टी इकडे उशिराच आल्या. हा चित्रपटही नव्वदहून अधिक वर्षं उशिरा आला तरी आम्ही तक्रार करणार नाही.

ज्या बाईंचा आम्ही पडद्यावर आयुष्यभर राग राग केला, त्यांना टाळ्या द्यायची एक संधी आम्हाला हवी आहे. तारीख तुम्ही कळवा. सभागृह, वादक आणि भरलेल्या खुर्च्या ही जबाबदारी आमची.

आपला,
परभणीचा एक प्रेक्षक