‘बोलेल हळूहळू’ म्हणण्याआधी

मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नसेल, तर घरात ऐकू येतं, ‘बोलेल हळूहळू, बापही उशिराच बोलला होता.’ मला हे वाक्य धोक्याचं वाटतं. कारण ऐकू न येणं असू शकतं, स्वमग्नता असू शकते, बौद्धिक वाढीतला उशीरही असू शकतो. एकट्या डॉक्टरला हे उलगडेलच असं नाही.

म्हणून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी. शंका आल्यास जिल्हा पातळीवरच्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक मिळून मुलाला पाहतात.

पण कासा-तलासरीच्या पाड्यावरच्या आईसाठी प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं. उपचार महिनोन्‌महिने चालतात. दोन फेऱ्यांनंतर ती थांबते आणि दोष तिलाच दिला जातो. कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. तज्ज्ञांनी ठरलेल्या दिवशी तिथे यावं, वारली बोलणारं कुणी सोबत असावं, ही मागणी आपणही लावून धरली पाहिजे. पाडा असो की मोहल्ला, अडचण सारखीच आहे.

मित्रांनो, पुढची तपासणी कधी आहे, ते अंगणवाडीताईंना विचारा आणि शेजारच्या आईसोबत जा. दुआ जरूर करा, पण तारीख चुकवू नका.