बंदराची किल्ली कुणाच्या हाती होती?



मुंबई इंग्रजांनी घडवली, बंदर इंग्रजांनी राखलं, हे पालुपद शाळेपासून आपल्या कानीकपाळी ओरडलं गेलं. ओरडणाऱ्या शेटजींना आणि त्यांच्या पदरच्या विद्वानांना एकच सवाल टाका: बंदर गोऱ्यांच्या मुठीत होतं, तर त्याच्या तोंडाशी खांदेरी उभी राहिलीच कशी?

थळसमोरचं हे बेट. मुंबईत शिरणारं गलबत त्याच्या नजरेतून सुटत नाही. जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आसऱ्याला राहायचं, तेही इथून दिसायचं. शिवाजी महाराजांनी हे हेरलं आणि १६७९ साली मायनाक भंडाऱ्याला माणसं देऊन बेटावर धाडलं. तट चढू लागला तशी कंपनीची झोप उडाली. म्हणे बेट आमचं, खाली करा! अरे, मुंबईच तुमच्या राजाला पोर्तुगिजांकडून आंदणात मिळालेली, आणि हक्क सांगता खांदेरीवर?

सप्टेंबरात गोरे बेटावर उतरायला गेले. त्यांचा अधिकारी थॉर्प तिथेच पडला. १८ ऑक्टोबरला दर्यात लढाई जुंपली. खरं ते सांगितलंच पाहिजे: त्यांचं 'रिव्हेंज' जहाज आपल्या आरमाराला आवरलं नाही, तोफांपुढे मागे यावं लागलं. पण 'डव्ह' आपण धरलं. मग त्यांनी बेटाची नाकेबंदी केली. आणि झालं काय? वारा पडला की त्यांची मोठी जहाजं लुळी, आपल्या होड्या मात्र वल्ह्यांच्या जोरावर रात्री उथळ पाण्यातून निसटायच्या, धान्य न् दारूगोळा पोचवून परत. बेटावर गवंडी, पाथरवट, बिगारी तोफेच्या टप्प्यात उभे राहून दगडावर दगड चढवत होते.

जानेवारी १६८० मध्ये सिद्दी शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला, तिथून मारा सुरू केला. तरी खांदेरी पडली नाही, इंग्रजांनीच काढता पाय घेतला. १७१८ साली कान्होजी आंग्र्यांच्या वेळी पुन्हा आले, हात हलवत परत गेले. बेट त्यांना मिळालं ते १८१८ साली, पेशवाई बुडाल्यावर!

कोकणबोटीने गिरणीत आलेले तुमचे आजे-पणजे या खांदेरीच्या अंगावरूनच मुंबईत शिरले. २०२५ साली युनेस्कोने किल्ला जागतिक वारशात घेतला, आनंद आहे. पण थॉर्पचं नाव उरलं, कीग्विनचं उरलं. वल्हं मारणाऱ्या खलाशांची, तट रचणाऱ्या बिगाऱ्यांची नावं कुठे आहेत? बेटावर फलक लागायचा असेल, तर पहिला त्यांचा लागला पाहिजे!