अरण्यातील काष्ठशिल्पे

बाल्टिक समुद्राच्या काठी लिथुआनिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याच्या व रशियाच्या किनाऱ्यालगत वाळूची ९८ किलोमीटर लांबीची एक चिंचोळी पट्टी पसरलेली आहे. तिच्यावरील युओदक्रान्ते या गावाजवळ पाइन वृक्षांनी झाकलेली एक टेकडी आहे. तिला 'चेटकिणींची टेकडी' म्हणतात. १९७९ साली लिथुआनियातील काष्ठशिल्पकार येथे जमले आणि ओक वृक्षाच्या भक्कम ओंडक्यांतून त्यांनी आपल्या लोककथांतील पात्रे कोरली. आज टेकडीवरील वाटेने सुमारे ८० शिल्पे उभी आहेत. कोठे चेटकीण दिसते, कोठे सैतान; तर कोठे महाकाय कन्या नेरिंगा. कोळ्यांचे वादळापासून रक्षण व्हावे म्हणून तिने ओच्यातून वाळू आणून ही पट्टी रचली, अशी तेथील कथा आहे.

अशी मोलाची शिल्पे ऊनपावसात का ठेवावीत, असे कोणी विचारील. हा प्रश्न गैर नाही. ओकचे लाकूड चिवट खरे. परंतु बर्फ, दमट वारा आणि कीड यांपुढे तेही चिरकाल टिकत नाही. छपराखाली ते अधिक काळ टिकेल. तथापि लोककथेतील चेटकीण काचेच्या कपाटात शोभत नाही. झाडांच्या अंधुक सावलीत, वाटेच्या वळणावर ती अवचित समोर यावी, तेव्हाच कथा जागी होते. शिवाय उघड्यावरचे शिल्प जीर्ण झाले की कोणाला तरी पुन्हा हाती पटाशी घ्यावी लागते. कुलपात ठेवलेली वस्तू राहील. पण ती घडविणारे हात राहतीलच असे नाही.

या पट्टीचा इतिहासही हेच सांगतो. पूर्वी येथील बरेचसे अरण्य तोडले गेले. मुळांनी धरून ठेवलेली वाळू मोकळी झाली, वाऱ्याबरोबर सरकू लागली आणि तिच्याखाली गावेच्या गावे गाडली गेली. एकोणिसाव्या शतकात लोकांनी चिकाटीने गवत व झाडे लावून ती थोपविली. परंतु काम तेवढ्याने संपले नाही. त्या झाडांची निगा आजही राखावी लागते. अरण्य काय किंवा शिल्प काय, ते एकदाच जपून भागत नाही. प्रत्येक पिढीला ते नव्याने जपावे लागते.

या कामात पाहणाऱ्याचाही वाटा आहे. अरण्यातील प्रत्येक शिल्पाजवळ पहारेकरी ठेवता येत नाही. त्याचे रक्षण पाहणाऱ्याच्याच स्वाधीन असते. शिल्पावर चाकूने आपले नाव कोरणारा मनुष्य बर्फापेक्षा अधिक दोषी होय. कारण बर्फाला समज नसते, माणसाला असते.